भारित थेंबाला पान आणि हात सारखेच

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या खरिपात आमच्या गावच्या पारावर एका यंत्रविक्रेत्याच्या माणसाने ‘इलेक्ट्रोस्टॅटिक’ फवारणी यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले. टाकीत औषध नव्हते, साधे पाणी होते. गर्दीतल्या एका तरुणाला पुढे बोलावून त्याने नोझलसमोर हात धरायला सांगितला, तळवा फवाऱ्याकडे आणि हाताची पाठ लोकांकडे. धुक्यासारखा बारीक फवारा सुटला आणि पाहता पाहता हाताची पाठही ओली झाली. बोटांवरची लव दवाने भिजलेल्या गवतासारखी चमकू लागली. पानाच्या खालच्या बाजूलाही औषध असेच बसते, पाणी आणि औषध दोन्ही वाचते, असे विक्रेत्याने सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवले असल्यामुळे कोणीतरी विचारले, “गुरुजी, खरं आहे ना हे?” मी “खरं आहे” एवढेच उत्तर दिले. मात्र ते खरे असल्यामुळेच मला त्या दिवशी जी काळजी वाटली, ती आज आपल्या वृत्तपत्राद्वारे शेतकरी, कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे यांच्यापुढे मांडत आहे.

या फवारणीमागचे तत्त्व शाळेच्या पुस्तकातले आहे. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसाच विद्युतभार दिलेला, म्हणजे भारित, पाण्याचा थेंब जमिनीशी जोडलेल्या वस्तूकडे ओढला जातो. नोझलच्या तोंडाशी हवेच्या दाबाने द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब केले जातात आणि तिथेच बसवलेल्या इलेक्ट्रोडमुळे प्रवर्तनाने, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श न होता, प्रत्येक थेंबावर एकाच जातीचा, ऋण किंवा धन, भार येतो. असा थेंब रोपाजवळ आला की ओल्या मातीत मुळे रोवून उभ्या असलेल्या रोपावर विरुद्ध भार जमा होतो आणि थेंब रोपाकडे खेचला जातो. सगळ्या थेंबांवर एकाच जातीचा भार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे फवारा पसरतो आणि काही थेंब वळसा घालून पानाच्या मागच्या बाजूलाही बसतात. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या एडवर्ड लॉ यांनी प्रवर्तनाने भार देणारे नोझल शेतीत वापरण्याजोगे केले, तर ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीच्या रॉन कॉफी यांनी टॉर्चच्या सेलवर चालणारा ‘इलेक्ट्रोडाइन’ हा हातात धरायचा फवारणी पंप तयार केला, जो पुढे आफ्रिकेतील कापसावर वापरला गेला. आपल्याकडेही सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या चंदीगडमधील सीएसआयओ या प्रयोगशाळेने असे फवारणी यंत्र विकसित केले आहे. तेव्हा हे तंत्र थोतांड आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार अशी यंत्रे वापरतात, आणि तेही पैशापैशाचा हिशेब ठेवणारे लोक आहेत.

माझे म्हणणे असे की द्राक्षाच्या मांडवावरचा अनुभव मका, ज्वारी, गहू आणि भात यांना जसाच्या तसा लावता येत नाही, आणि तसा तो लावून यंत्रे विकली जात असतील तर आधी कोणीतरी मोजमाप करून दाखवले पाहिजे.

द्राक्षाचे पान रुंद असते, मांडवावर पानांचा एक थर असतो आणि घड खाली लोंबत असतात. जोराच्या हवेने ढकललेला फवारा त्या थरातून आरपार जातो. तृणधान्याचे रोप याच्या उलट घडणीचे आहे. पाने अरुंद, उभी आणि टोकदार असतात, गव्हाच्या ओंबीला कुसळे असतात आणि पीक जमिनीपासून शेंड्यापर्यंत दाट भरलेले असते. भारित थेंबाला सर्वांत जवळचे जे टोक मिळेल त्यावर तो बसतो. त्यामुळे शेंडा आणि वरची पाने भरपूर भिजतात, तर खालचा भाग जणू वरच्या पानांच्या पिंजऱ्यात झाकला जातो. धातूच्या पिंजऱ्याच्या आत विद्युतक्षेत्र पोहोचत नाही, हे फॅरेडेने १८३६ साली दाखवले होते, आणि दाट पिकाच्या पोटात काहीसे तसेच घडते. दुसरी अडचण टोकांची आहे. टोकदार वस्तूवर विद्युतक्षेत्र एकवटते, हे आपण इमारतीवरच्या तडितरक्षकामुळे जाणतो. जोरदार भारित फवारा कुसळाच्या किंवा पानाच्या अणकुचीदार टोकाजवळ आला की त्या टोकातून विरुद्ध भाराचे आयन हवेत सुटू शकतात आणि येणाऱ्या थेंबांचा भार तिथल्या तिथे कमी करतात. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात गहू आणि बार्लीवर भारित फवारणीच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत थेंब वरच्या भागावर अधिक आणि बुडख्याशी कमी, हाच अनुभव पुन्हा पुन्हा आला. ज्या देशांनी हे तंत्र घडवले, तिथेही तृणधान्यात त्याचा जम बसला नाही, ही गोष्ट विक्रेत्याच्या पत्रकात नसली तरी आपल्याला माहीत असायला हवी.

आता आमच्या मक्याकडे येतो. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. त्याआधी मक्यावर फवारणी करणारा शेतकरी आमच्याकडे विरळा होता. आता मका गुडघ्याएवढा होण्याआधीच पंप बाहेर काढावा लागतो. ही अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, राहते, दिवसा आत दडते आणि लाकडाच्या भुशासारख्या विष्ठेने पोंग्याचे तोंड बुजवून टाकते. म्हणूनच फवारा पोंग्यात सोडा, असे कृषी विभागाचे लोक सांगतात. मक्याच्या रोपाची ठेवण नरसाळ्यासारखी असते; पानावर पडलेले पाणी मधल्या शिरेवरून घरंगळत थेट पोंग्यात उतरते. सकाळी दव पडल्यावर मक्याचा पोंगा उघडून पाहिला तर आत पाणी साचलेले दिसते, ते याच कारणाने. म्हणजे ज्या मोठ्या थेंबाला ‘वाया जाणारा’ म्हणून नावे ठेवली जातात, तोच थेंब मक्यात घरंगळून अळीच्या दारापर्यंत जातो. पन्नास मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भारित थेंब पानाला जिथे चिकटतो, तिथेच सुकतो.

केवळ तर्कावर न थांबता मी एक छोटी तपासणी करून पाहिली. पाण्याचा थेंब पडताच पिवळ्याचा निळा होणारा एक कागद फवारणी तपासण्यासाठी मिळतो. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने त्याच्या काही पट्ट्या आणून दिल्या. पहिल्या दिवशी आम्ही पहाटेच त्या रोपांना लावल्या आणि फवारणी सुरू होण्याआधीच दवाने सगळ्या निळ्या झाल्या. तेव्हा दुसऱ्या दिवशी दव सुकेपर्यंत थांबून पुन्हा लावल्या. वरच्या पानावर वरून एक आणि खालून एक, एक पोंग्यात, एक बुडाजवळच्या पानावर, आणि घामाने भिजू नये म्हणून मागे प्लास्टिक घालून तीन पट्ट्या फवारणाऱ्या गड्याच्या अंगावर: छातीला, मांडीला आणि पाठीला. एकदा भारित यंत्राने आणि एकदा साध्या पंपाने फवारायचे ठरवले; दोन्ही वेळा टाकीत साधेच पाणी होते. भाड्याने आणलेल्या भारित यंत्राने फवारले तेव्हा वरच्या पानाच्या दोन्ही पट्ट्यांवर सुईच्या टोकाएवढे निळे ठिपके इतके दाट आणि सारखे बसले की माझ्या पुतणीने ते कौतुकाने उजेडात धरून पाहिले. विक्रेत्याचा दावा तेवढ्यापुरता अगदी खरा होता. पण पोंग्यातल्या पट्टीवर मोजके ठिपके होते, बुडाची पट्टी जवळपास पिवळीच राहिली होती आणि गड्याच्या छातीवरची पट्टी वरच्या पानाच्या पट्टीसारखीच दिसत होती. नंतर साध्या पाठीवरच्या पंपाने, नोझल पोंग्यावर रोखून फवारले. पोंग्यातली पट्टी पूर्ण निळी झाली, जमीनही ओली झाली, पानाची खालची बाजू कोरडी राहिली आणि गड्याच्या अंगावरच्या पट्ट्यांपैकी मांडीवरच्या पट्टीवर काय ते शिंतोडे आले.

एका शेतातल्या एका सकाळच्या पट्ट्यांना मी संशोधन म्हणत नाही. वारा, यंत्राची अवस्था, चालण्याचा वेग, यांपैकी काहीही बदलले तर पट्ट्या वेगळे सांगू शकतील. पण छातीवरची ती पट्टी मी जपून ठेवली आहे. ओल्या शेतात अनवाणी चालणारा, घामाने भिजलेला माणूस विजेच्या दृष्टीने मक्याच्या रोपाइतकाच उत्तम अर्थिंग असलेला असतो, आणि तो नोझलच्या सर्वांत जवळ उभा असतो. पारावर त्या तरुणाच्या हाताच्या पाठीवर जे घडले, ते शेतात फवारणाऱ्याच्या मानेवर, कानामागे आणि तोंडावर बांधलेल्या फडक्यावर घडणार नाही, असे मानायला कोणताही आधार नाही. ट्रॅक्टरमागे लांब दांड्यावर नोझल असतील आणि चालक बंद केबिनमध्ये असेल तर गोष्ट निराळी. आमच्याकडे यंत्र पाठीवर असते आणि केबिन म्हणजे अंगातला सदरा.

थेंबाच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. दोनशे मायक्रॉनच्या एका थेंबाच्या पाण्यात पन्नास मायक्रॉनचे चौसष्ट थेंब होतात, म्हणून पान चांगले झाकले जाते हे खरे. पण स्थिर हवेत मोठा थेंब एक मीटर खाली यायला साधारण दीड सेकंद घेतो, तर बारीक थेंब तेरा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. ताशी सात-आठ किलोमीटरची झुळूक असेल, जिला आपण वारा म्हणतही नाही, तरी तेवढ्या वेळात तो पंचवीस मीटरच्या पुढे जातो, म्हणजे शेजाऱ्याचा बांध ओलांडतो. भार शाबूत असेल तोवर विजेची ओढ त्याला रोपाकडे आणते. भार नसेल तर तो नुसते विषारी धुके असतो, आणि भार नाहीसा होणे हा या यंत्रांतला डोळ्यांना न दिसणारा बिघाड आहे. इलेक्ट्रोडवर ओल आली, पाण्यात विरघळणाऱ्या पावडरचा किंवा जड पाण्यातल्या क्षारांचा थर बसला, बॅटरी उतरली किंवा टाकीची अर्थिंगची तार तुटली, तर भार देणे थांबते. मात्र फवारा पूर्वीसारखाच सुंदर धुक्यासारखा निघत राहतो. फवारणाऱ्याला काही कळत नाही. फवाऱ्यातून जाणारा विद्युतप्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो आणि तो दाखवणारा साधा दर्शक किंवा दिवा यंत्रावर बसवता येतो. मी भाड्याने आणलेल्या यंत्रावर तो नव्हता. ते मला वापरायला देणाऱ्या मुलाला भार म्हणजे काय हेच माहीत नव्हते, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. ती घटना कापसाची होती आणि तिच्यामागे जहाल औषधे, औषधांची मिश्रणे, माणसाच्या उंचीएवढे वाढलेले पीक अशी अनेक कारणे होती. बारीक तुषार सोडणाऱ्या नव्या बॅटरी पंपांचाही त्या वेळी उल्लेख झाला होता. भारित फवारणीचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण तुऱ्यावर आलेला मका आणि हुरड्यावर आलेली ज्वारीही डोक्याच्या वर जाते, त्यात वारा कोंडतो आणि फवारणारा स्वतःच सोडलेल्या धुक्यातून पुढे चालतो. यवतमाळनंतर मोजे, मुखवटे आणि चष्म्यांची खूप चर्चा झाली. भादव्याच्या उन्हात ते घालून कोणी किती वेळ काम करू शकतो, हे ज्याने पंप पाठीवर घेतला आहे त्याला विचारावे.

मात्रेचा गोंधळ तर याहून जवळचा आहे. आमचा शेतकरी एकरी मात्रा लक्षात ठेवत नाही, ‘पंपाला किती’ हे लक्षात ठेवतो. लष्करी अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के हे लिटरला ०.४ ग्रॅम सांगितले जाते, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला सहा ग्रॅम आणि एकराला दोनशे लिटर पाणी धरले तर ऐंशी ग्रॅम. भारित यंत्राला एकरी वीसच लिटर पाणी लागत असेल, तर ऐंशी ग्रॅम औषध त्या वीस लिटरमध्ये घालावे लागेल, म्हणजे द्रावण दहापट तीव्र होईल आणि अंगावर उडणारा प्रत्येक थेंबही तितकाच तीव्र असेल. याउलट सवयीने पंपाला सहाच ग्रॅम घातले तर एकराला आठ ग्रॅम जातील, अळी मरणार नाही आणि अर्धवट मात्रेला सरावलेली पुढची पिढी तयार होईल. दुकानदार यांपैकी काय सांगतो? मी तीन कृषी सेवा केंद्रांत विचारले आणि तीन वेगळी उत्तरे मिळाली. औषधाच्या लेबलवर मात्रा आणि पाणी दोन्ही छापलेले असते आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्या लेबलला अर्थ आहे. तेव्हा इतक्या कमी पाण्यात ते औषध वापरावे की नाही, याचे उत्तर विक्रेत्याने तोंडी देऊन भागणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे द्राक्षाच्या अनुभवावरून लक्ष जाणारच नाही. द्राक्षाचे पान आपल्याकडे सहसा कोणी खात नाही. मक्याचा आणि ज्वारीचा पाला हाच तर आमच्या जनावरांचा चारा आहे. कडबा वर्षभर पुरवायचा असतो, मक्याचा मुरघास दुभत्या गाईंना जातो, आणि पक्षी उडवता उडवता शेतातच हुरडा भाजून खाण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे. पानाच्या दोन्ही बाजूंना अधिक औषध चिकटत असेल, तर एकतर मात्रा त्या प्रमाणात कमी केली पाहिजे, नाहीतर चाऱ्यातला अंश वाढेल. फवारणी ते कापणी किती दिवस थांबायचे, हा आकडा नेहमीच्या फवारणीवरून ठरलेला असतो. तो या पद्धतीला तसाच लागू पडतो का, हे चारा तपासूनच कळेल.

या सगळ्यानंतरही मला वाटते की तृणधान्यांत या तंत्राला जागा आहे. ज्वारीवरचा मावा पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि त्याच्या चिकट्याने कडबा काळा पडतो; तिथे पानाखाली पोहोचणारा भारित थेंब खरोखर उपयोगी ठरू शकेल. गव्हाच्या वरच्या पानांवर तांबेरा दिसू लागला तर तोही वरच्याच भागाचा रोग आहे. भातावरचा तपकिरी तुडतुडा मात्र पाण्यालगत बुडख्याशी बसतो आणि तिथे शेंडा भिजवून काहीच साधणार नाही. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला हे यंत्र विकणाऱ्याने त्याला हे आधी सांगायला हवे. पीक कोणते यावर सगळे ठरत नाही, कीड रोपावर नेमकी कुठे बसते यावर ठरते.

केंद्र सरकारने ड्रोनने फवारणी करण्याबाबत डिसेंबर २०२१ मध्ये कार्यपद्धती जाहीर केली, आणि महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजना त्यानंतर आली. भारित फवारणीच्या बाबतीतही क्रम हाच असावा. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागातल्या पिकावर एक-दोन हंगाम तपासणी करावी. शेंडा, मधला भाग, पोंगा आणि बुडखा असे वेगवेगळे मोजावे, जमिनीवर आणि बांधापलीकडे किती जाते ते मोजावे, आणि फवारणाऱ्याच्या कपड्यावर किती बसते ते न विसरता मोजावे. ती मोजणी कठीण नाही; कागदाच्या पट्ट्या आणि एक सुती सदरा यांवर ती सुरू होऊ शकते. यंत्राची तपासणी मध्य प्रदेशातील बुदनीसारख्या कृषी यंत्रांच्या शासकीय चाचणी केंद्रात व्हावी आणि भार चालू आहे की नाही हे दाखवणारा दर्शक नसलेल्या यंत्राला महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरून अनुदान मिळू नये. तोवर कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी गावोगाव एवढे जरी सांगितले की पाठीवरच्या भारित यंत्रातून लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे लेबलवर सर्वाधिक विषारी अशी खूण असलेली, औषधे मुळीच फवारू नका, तरी पुष्कळ काम होईल.

आमच्या गावात यंदा अशी दोन यंत्रे आली आहेत. ती घेणारे दोघेही माझे विद्यार्थी आहेत, कष्टाळू आहेत आणि भाड्याने देऊन हप्ते फेडण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांना मी यंत्र वापरू नका असे सांगू शकत नाही, आणि कसे वापरावे हे सांगण्याइतकी माहितीही माझ्याजवळ नाही. विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या कोणत्याही शास्त्रज्ञाला ही तपासणी करायची असेल, तर येत्या खरिपात माझे दीड एकर मक्याचे शेत मी त्यासाठी मोकळे ठेवीन. शेतात विहीर आहे, रस्त्याला लागून आहे, आणि पट्ट्या लावायला शाळेतली नववी-दहावीची मुले आनंदाने येतील. फवारणीच्या वेळी मात्र ती बांधापासून लांब उभी राहतील, याची जबाबदारी माझी.

आपला नम्र,
एक मका उत्पादक व निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर